दुधाच्या डब्यातला मोर

मागच्या महिन्यात नातीनं शहरातल्या कुठल्याशा प्रदर्शनातून एक दिवा विकत आणला. दारूची रिकामी बाटली, तिच्या पोटात बारीक बल्बांची माळ, गळ्याला सुतळी गुंडाळलेली. "आजी, टाकाऊपासून केलाय. पूर्ण हाताचं काम," ती म्हणाली. मी विचारलं, "बाटली कुणी रिकामी केली तेही लिहून देतात का?" ती हसली, बटण दाबलं, आणि बाटलीतून पिवळा उजेड भिंतीवर सांडला. सगळे वा वा म्हणाले. मी काहीच म्हणाले नाही, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गप्प बसले की आमच्या घरात माझं बीपी तपासतात.

असे दिवे मला करता येतात. येत होते. एकाहत्तर-बहात्तरच्या पुढची ती वर्षं. मी दौतीचे दिवे केले, डब्यांचे केले, बांगड्यांच्या काचांचे केले. परतूरच्या बाजूला आमची एक वस्ती होती, तिच्यातल्या शेवटून दुसऱ्या घरात माझ्या दिव्यांची रांग लागलेली असायची. त्याच घरात त्याच दिवसांत माझ्या सासूचे डोळे जात होते. दोन्ही कामं शेजारी शेजारी चालली होती, आणि मला फक्त माझंच दिसत होतं.

तेव्हाची मी कशी होते ते आधी सांगते, म्हणजे पुढं कुणाची कीव करायची यात घोटाळा व्हायला नको. मी मंठ्याची. सातवी पास. हे दोन शब्द मी सासरी आल्या आल्या इतक्या वेळा ऐकवले की आठव्या दिवशी सासरे म्हणाले, "कळलं बाई, सातवी पास. आता आठवा दिवस बी पास कर अन् जरा भाकरी टाक." भाकरी मला येत नव्हती. माझी भाकरी तव्यावर जाताना गोल असायची आणि उतरताना भारताचा नकाशा. चित्रं मात्र येत होती. शाळेत फळ्यावर सुविचाराभोवती वेल काढायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे आपण कुणीतरी आहोत, असं त्या पोरीला वाटायचं. अंगात हुन्नर कमी आणि त्याची जाहिरात जास्त.

सासूला मी आत्याबाई म्हणायचे, सासऱ्यांना मामा. मामा रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायच्या कामाला जायचे. माझे मालक दूरच्या एका खेड्यात शाळामास्तर, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जायचे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस घरात आम्ही तिघंच.

धम्मदीक्षा घेतल्यावर मामांनी घरातले देव टोपलीत भरले आणि दुधना नदीत सोडून आले. ते माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीचं. आत्याबाईंनी तेव्हा एक शब्द काढला नव्हता म्हणे. उपास सोडले, अंगात येणाऱ्या बाईकडं जाणं सोडलं, गंडेदोरे चुलीत घातले. भिंतीवर दोन तसबिरी आल्या, त्यांच्यापुढं त्या मनापासून वाकायच्या. एक खोड मात्र सुटली नव्हती. दिवेलागणीला दिवा लावला की त्यांचे हात आपोआप जोडले जायचे. दिव्याकडं तोंड करून, डोळे मिटून, क्षणभरच.

मामांना ते बिलकुल खपायचं नाही.

"दिवा म्हणजे उजेड. देव न्हाई."

"मी कुठं देव म्हणले."

"मंग हात काहून जोडले?"

"घरात पाहुणा आला तर जोडता का न्हाई? रोज सांजच्याला येतो बिचारा."

हे बोलणं रोज व्हायचं. शब्दही तेच. मामा चिडायचे, आत्याबाई तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात जोडायच्या. मी सातवी पास असल्यामुळे अर्थातच मामांच्या बाजूनं होते.

विजेचे खांब तोवर गावात येऊन पोचले होते. आमच्या वस्तीच्या अलीकडं ओढ्यापाशी येऊन ते थांबले. का थांबले ते कुणी सांगितलं नाही, आणि आम्हाला विचारायची गरज नव्हती. आमच्याकडं घासलेटवरच्या चिमण्या. मालकांनी एका शनिवारी शाळेतल्या शाईच्या रिकाम्या दौती आणल्या. त्यातल्या एकीच्या झाकणाला मी भोक पाडलं, सायकलच्या ट्यूबचा जुना व्हॉल्व त्यात बसवला, त्यातून चिंधीची वात ओढली आणि पेटवली. दौतीत तळाशी राहिलेली शाई घासलेटला निळसर रंग देऊन गेली. एवढंच झालं होतं. पण त्या बयेनं, म्हणजे मी, शेजारची चार घरं गोळा करून ती दौत दाखवली.

मग धरबंद राहिला नाही. स्टेशनच्या उकिरड्यावरचा उडालेला बल्ब मी आणला, त्याचं पितळी तोंड उचकटलं, आत पाणी भरलं, वर तेलाचा थर आणि त्यावर तरंगती वात. तीन दिवस जळला, चौथ्या दिवशी फुटून पाणी धान्यात गेलं. मामा म्हणाले, "ह्या घरात दिवे लई झाले, घासलेट कमी झालं." आत्याबाई म्हणाल्या, "करू द्या. पोरीच्या हाताला नाद हाये." माझं एकच गिऱ्हाईक होतं, आणि ते खाष्ट नव्हतं. दिवा ठेवला की मी विचारायचे, "आत्याबाई, कसा झाला?" आणि त्या म्हणायच्या, "झ्याक."

दुष्काळात शाळेत पोरांना दूध मिळायचं, त्याच्या पावडरीचे मोठाले पत्र्याचे डबे मालक घेऊन यायचे. त्यातला एक डबा मी दुधनेच्या वाळूनं गच्च भरला, वर पाणी ओतून दडपला, म्हणजे ठोकताना पत्रा आत जात नाही. ही युक्ती माझी स्वतःची, आजही कुणाला फुकट देईन. मग खिळा आणि दगड घेऊन दुपारभर टकटक करत भोकांचा मोर काढला. संध्याकाळी आत चिमणी ठेवली तेव्हा समोरच्या भिंतीवर उजेडाच्या ठिपक्यांचा हा एवढा मोठा मोर उभा राहिला, आणि चिमणीची ज्योत हलली की तोही हलायचा.

मामा कामावरून आले, टोपी काढली, भिंतीकडं बघत बसले.

"कोंबडी बरी काढलीस."

"मामा, मोर हाये तो."

"मंग पिसारा कुठं?"

"मिटलेला हाये."

"मिटलेल्या पिसाऱ्याच्या मोरालाच कोंबडी म्हणतेत."

आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या, "मोरच हाये. मला बराबर दिसून राह्यला." मी मामांकडं असं बघितलं की जणू कोर्टानं निकाल दिला.

सगळ्यात मोठा उद्योग बांगड्यांचा. वस्तीत कासार येऊन गेला की फुटलेल्या काचा अंगणात पडलेल्या असायच्या. मी त्या वेचल्या. एका कंदिलाची तडकलेली काच होती, तिच्यावर बाभळीच्या डिंकानं ते तुकडे चिकटवले. लाल आणि हिरवे. त्या वेळी वस्तीत बायकांच्या हातात हे दोनच रंग होते. संध्याकाळी दिवा लावला तर घराला कुणी लुगडं नेसवल्यासारखं दिसायला लागलं. आत्याबाई उंबऱ्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि थोड्या वेळानं म्हणाल्या,

"पोरी, दिव्याभवती कडं दिसून राह्यलं."

"कसलं कडं?"

"गोल. आत निळं, भाईरून तांबडं. पावसात इंद्रधनुष्य पडतं न्हाई का, तसं."

मला आभाळ ठेंगणं झालं. इंद्रधनुष्य म्हणाल्या. मालक शनिवारी आले तर त्यांनी चपला काढायच्या आत मी त्यांना सांगितलं की आत्याबाईंना माझ्या दिव्यात इंद्रधनुष्य दिसलं. त्यांनी दिव्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मला तर दोनच रंग दिसतेत." मी म्हणाले, "त्याला नजर लागती."

माझ्याकडं निळ्या बांगडीचा एकही तुकडा नव्हता. हे मला ठाऊक होतं. तुकडे मीच वेचले होते. तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. कौतुक ऐकताना आम्ही हिशोब विचारत नसू.

पुढं आठ-पंधरा दिवसांनी आत्याबाई पुन्हा म्हणाल्या, "आज बी कडं पडलं." त्या दिवशी बांगड्यांचा दिवा लावलेलाच नव्हता. काचेवरचा डिंक सुटला म्हणून मी तो उतरवून ठेवला होता आणि कोनाड्यात साधी चिमणी जळत होती. मी ऐकलं. कान होते मला. मनात म्हणाले, म्हातारीला माझ्या दिव्याची इतकी सवय झाली की साध्या चिमणीतही तोच दिसतो. एवढा मोठा मूर्खपणा करायला नुसतं अडाणी असून भागत नाही, त्याला सातवी लागते.

त्याच दिवसांत त्यांचं डोकं दुखायचं. संध्याकाळ झाली की सुंठ उगाळून कपाळाला लावायच्या, वरून फडकं आवळून बांधायच्या. कधी उलटीही व्हायची. मी म्हणायचे घासलेटचा धूर चढला असेल, आणि दोन दिवस रुसून दिवे बंद ठेवायचे, म्हणजे त्यांना वाईट वाटून त्याच म्हणाव्यात, लाव गं. आणि त्या म्हणायच्याच. शेजारच्या म्हातारीनं एकदा त्यांची पापणी वर करून पाहिलं आणि सांगितलं, "मोतीबिंदू असंल. पिकू द्या. कच्चा काढला की डोळा जातो." तिच्या भावाचा तसाच गेला होता म्हणे. हे वस्तीत सगळ्यांना पाठ होतं: मोतीबिंदू आंब्यासारखा असतो, पिकेपर्यंत थांबायचं. मामाही म्हणाले, पिकू द्या. मग आम्ही थांबलो. पिकायची वाट बघत बसलो.

ज्वारीची काढणी उरकली आणि घरात एक नवल घडलं. आत्याबाईंनी दिव्याला हात जोडणं सोडलं.

पहिले दोन-चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका संध्याकाळी मामा आपलं रोजचं वाक्य तयार ठेवून बसले आणि ते म्हणायची वेळच आली नाही. मी दिवा लावून कोनाड्यात ठेवला, आत्याबाई मांडीवरच्या सुपात ज्वारी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मामांचा चेहरा असा फुलला की मला आजही दिसतो.

"सुटली," ते अंगणात येऊन हळूच म्हणाले. "एवढी वर्षं गेली, पर सुटली एकदाची."

वस्तीतल्या बैठकीत त्यांनी ते सांगितलं. माणूस बदलायला वेळ लागतो, पण बदलतो, माझ्याच घरात बघा, म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. मी तर मनातल्या मनात त्याचं श्रेयही घेऊन टाकलं. दौतीत, डब्यात, फुटक्या बल्बात दिवा घातला म्हणून त्याचं देवपण गेलं, असा माझा सिद्धांत होता. मालकांना तो मी दोन शनिवार समजावून सांगितला.

खरी गोष्ट इतकी साधी होती की लहान पोराच्या ध्यानात आली असती. दिवा कुठं आहे ते दिसेना, म्हणून त्या हात जोडत नव्हत्या. मी रोज नवा दिवा नव्या जागी ठेवायचे: आज कोनाड्यात, उद्या कणगीवर, परवा उंबऱ्याशी. भलत्या बाजूला तोंड करून हात जोडले तर मामांना कळलं असतं. म्हणून त्यांनी आपली खोड गिळून टाकली आणि आम्ही तिच्या जयजयकारात होतो.

ज्वारीतले खडे त्या बोटांनी काढत होत्या. भाकरी वासानं उलटत होत्या. आडाच्या वाटेवर माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "गुडघा धरलाय." मी पुढं ताठ चालायचे, जणू म्हातारीला आधार देणारी आदर्श सून.

ते उघड झालं ते माझ्या एका खोडीमुळं. आयुष्यात मी पुष्कळ खोड्या केल्या, अजून करते. नातवाच्या चहात मीठ परवाच घातलं. पण ही एक केली नसती तर बरं झालं असतं असं वाटतं, आणि लगेच वाटतं की आधी केली असती तर. झालं असं, शेजारच्या म्हातारीनं मला डिवचलं. "तुझी सासू काय, तू शेण ठेवलंस तरी झ्याक म्हणंल," ती म्हणाली. हे माझ्या काळजाला लागलं. माझ्या कलेची परीक्षा घ्यायची असं मी ठरवलं.

तिन्हीसांजेला मामा अजून कामावरून आले नव्हते. घरात अंधारलं होतं. मी मोराचा डबा आत्याबाईंच्या समोर ठेवला, काडी ओढली, ती चिमणीजवळ नेली आणि न लावता फुंकून टाकली. घासलेटचा वास होता, काडीचा वास होता. उजेड नव्हता. मी पदर तोंडात कोंबून हसू दाबलं आणि विचारलं,

"कसा झाला, आत्याबाई?"

"झ्याक."

"मोर दिसतो का नीट?"

"दिसतो की. आज तर लईच नाचून राह्यला."

मी हसले. मोठ्यानं हसले. आता पकडली तुम्हाला, असं काहीतरी म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पाहिलं की त्या भिंतीकडं बघून हसत आहेत. काळ्या भिंतीकडं. चेहरा अगदी प्रसन्न, पाहुणं गेलेल्या घरची भाजी बेचव असली तरी वाटी पुढं करावी तसा. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. मी त्यांच्या डोळ्यांपुढं हात हलवला. त्या हसतच राहिल्या.

"आत्याबाई, दिवा लावलाच न्हाई मी."

त्यांचं हसणं जागच्या जागी थांबलं. मग सूप बाजूला सारलं, चाचपून, आणि म्हणाल्या, "काडी तर ओढलीस."

"कधीपासून न्हाई दिसत?"

"डावा आधीच गेल्ता. उजव्यानं जरासं धुकं धुकं दिसायचं. काढणीपासून तेबी न्हाई."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"काय सांगायचं? पिकून राह्यला असंल म्हणले." मग त्याच म्हणाल्या, "तू रोज इचारायची, कसा झाला, कसा झाला. न्हाई दिसत म्हणले असते तर तू करायचंच सोडलं असतंस."

मी उठून दिवा लावला. काय करावं ते सुचेना म्हणून. मोर भिंतीवर आला, हलायला लागला, आणि त्याच्याकडं बघणारी मी एकटी होते.

मामा आले तेव्हा मी सांगितलं. ते खाली बसले. पहिलं वाक्य त्यांनी काय उच्चारलं असेल? "म्हणून हात जोडत नव्हती?" एवढंच. नंतर टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी घालत राहिले.

शनिवारी मालक आले आणि सोमवारी आम्ही चौघं परतूरहून गाडीनं जालन्याला गेलो. गाडीत आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या आणि वाऱ्यावरून सांगत होत्या, आता पाणी आलं जवळ, आता जिनिंग आली, सरकीचा वास येऊन राह्यला. बरोबर सांगत होत्या. मालक म्हणाले, "माय, मोतीबिंदू असंल तर एका दिवसाचं काम हाये. पिकलाच असंल आता." आम्ही सगळे त्या एका शब्दावर बसून प्रवास करत होतो. पिकला असेल. आता काढतील. मी मनात ठरवलंही होतं की पट्टी सुटल्यावर पहिला दिवा कुठला दाखवायचा. मोर नको, बांगड्यांचा. अजून अक्कल आली नव्हती.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण वाईट नव्हते. त्यांनी आत्याबाईंच्या डोळ्यांत बॅटरी मारली. त्या डोळ्यांनी पापणीसुद्धा लववली नाही. मग त्यांनी बोटानं बुबुळ दाबून पाहिलं, दोन्ही, आणि विचारलं, "डोकं दुखायचं का?"

"हाव."

"उलट्या?"

"कधी कधी."

"दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची का? इंद्रधनुष्यासारखी?"

मी भिंतीला टेकून उभी होते. निळ्या बांगडीचा एकही तुकडा नव्हता माझ्याकडं. ते मला तिथं, त्या भिंतीपाशी आठवलं. मालकांनी माझ्याकडं बघितलं का ते मला माहीत नाही, कारण मी जमिनीकडं बघत होते.

आत्याबाईंनी मान वळवली. मी ज्या बाजूला उभी होते, नेमकी त्या बाजूला. कशानं कळलं असेल, बांगड्यांनी, की श्वासानं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तसलं काई बिलकुल न्हाई दिसलं."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग मामांना सांगितलं की हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर काढला असता. ह्यात डोळ्याच्या मागची शीर मरते, आणि मेलेली शीर परत येत नाही.

मामांनी विचारलं, "पिकल्यावर?"

"हा पिकत नाही, बाबा. हा नुसता जातो."

"आधी आणलं असतं तर?"

"सुरुवातीला आणलं असतं तर जेवढं होतं तेवढं राहिलं असतं कदाचित," डॉक्टर म्हणाले आणि दुखणं थांबायला थेंब लिहून दिले. पुढच्या माणसाला आत बोलावलं.

इंद्रधनुष्याचं मालकांनी ऐकलं होतं, पण साध्या चिमणीभोवतीही कडं पडलं होतं, सुरुवात तेव्हाच झाली होती, हे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं. एकीनं सांगितलं नाही आणि दुसरीला सांगायची हिंमत झाली नाही. मालकांना मी पुढं कधीतरी सांगीन, असं ठरवत ठरवत पंचेचाळीस वर्षं संसार केला. ते गेले तेव्हाही राहून गेलंच.

घरी आल्यावर मी सगळे दिवे गोळा करून परसातल्या खड्ड्यात टाकले. दौती, काच, सगळं. तेव्हा मला वाटलं मी फार मोठं काहीतरी करते आहे. खळखळ ऐकून आत्याबाई दाराशी आल्या.

"काय फोडून राह्यली?"

"काई न्हाई. कचरा."

"मोर ठेव."

"काय करायचाय आता?"

"ठेव म्हणते ना."

मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि बोटानं भोकं चाचपायला लागल्या. चोचीपासून सुरुवात केली, मग मान, पोट, पाय. पत्र्याच्या धारेनं बोट खरचटेल म्हणून मी काही म्हणणार, तोवर त्यांचं बोट शेपटीपाशी जाऊन थांबलं. पुन्हा एकदा सगळी वाट फिरून आलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "ही तर कोंबडीच हाये."

मामा आतून हसले. जालन्याहून आल्यापासून पहिल्यांदा. मीही हसले, आत्याबाईही हसल्या, आणि मग तिघांनाही कळलं की माझ्या दिव्याबद्दल त्या पहिल्यांदा खरं बोलल्या आहेत, आणि ते कशामुळं. मग कुणीच हसेना.

दिवेलागणी पुढंही रोज यायची. साधी चिमणी, एकाच कोनाड्यात, जागा बदलायची नाही असं मी ठरवलं. हात मात्र त्यांनी परत जोडले नाहीत. आता लपवायचं काही नव्हतं, तरी नाही. घासलेटचा वास आला, ज्योतीची ऊब गालाला लागली की मान जराशी त्या बाजूला वळायची, तेवढंच.

दोन-तीन वर्षांनी खांबांनी ओढा ओलांडला. आमच्या घरात मधल्या आढ्याला एक बल्ब आला. ज्या संध्याकाळी तो पहिल्यांदा लागला त्या संध्याकाळी वस्तीत पोरं ओरडत पळत होती. आमच्या घरात सगळं एकदम उघडं पडलं: भिंतीवरची काजळी, फाटकी वाकळ, मामांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या. मला वाटलं, एवढं दिसायला नको होतं.

आत्याबाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या, कोनाड्याकडं तोंड करून.

"आज दिवा लावायचा न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"लागला की," मी म्हणाले. "लाईट आली."

"कुठं?"

"वर. डोक्यावर."

त्यांनी तोंड वर केलं. नाकपुड्या जराशा हलल्या. ऊब शोधत असाव्यात, वास शोधत असाव्यात. त्या दिव्याला दोन्ही नव्हतं. त्यांच्यापुरता त्या घरात पहिल्यांदाच पुरता अंधार झाला होता, आणि तो आम्ही बटण दाबून केला होता.

मी कोनाड्यातल्या चिमणीकडं हात नेला. म्हटलं, खाली हीही लावते. त्यांना काडीची डबी ऐकू आली.

"ऱ्हाऊ दे. घासलेट वाया काहून घालायचं."

मामा उठले. एवढी वर्षं एकच वाक्य बोलत आलेला तो माणूस त्यांच्यासमोर येऊन उकिडवा बसला. त्यांनी आत्याबाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, जोडले, आणि वर बल्बाच्या दिशेनं धरले. खडी टाकून टाकून त्यांची बोटं सरळ होत नव्हती, तरी त्यांनी ते नीट जुळवले.

"हितं हाये," ते म्हणाले. "बराबर हितं. जोड आता. म्या काई म्हणत न्हाई."

आत्याबाईंनी क्षणभर हात तसेच राहू दिले. मग हळूच सोडवून घेतले.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमचंच खरं हाये. दिवा म्हणजे उजेड."

आणि मांडीवर सूप ओढून त्या ज्वारीतले खडे शोधायला लागल्या.